सयाजीतात्यांनी घेतलेली एकमेव वस्तू

“यातलं दुसरं दावा की.”

सयाजीतात्या दुकानाची पायरी चढायला लागले की आधी हे वाक्य आत जायचं आणि मागाहून तात्या. पुढ्यात काय ठेवलंय हे नीट बघायचीही त्यांना गरज नसायची. भांड्याच्या दुकानात पातेलं असो, कापडाच्या दुकानात लुगडं असो, सराफाकडे डोरलं असो, पहिल्या नगाकडे मान वाकडी करून बघायचं, गालातली सुपारी एकीकडून दुसरीकडे न्यायची आणि म्हणायचं, “यातलं दुसरं दावा की.” दुसरं आलं की तिसरं. तिसरं आलं की चहा. चहा झाला की, “बगू. घाई कुणाला हाय?” आणि सगळी वरात रिकाम्या हातानं घरी. एकदा पोटात दुखत होतं म्हणून दवाखान्यात नेलं, तर तपासून गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे त्यांनी असंच बघितलं आणि बाहेर येऊन नर्सबाईला हळूच म्हणाले, “दुसरा दावा की.”

तात्या मूळचे मोहोळकडचे. मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याबरोबर जनावरांच्या बाजारात गेले होते. बाजारात एक खिलार बैल उभा होता. दुधात बुडवून काढल्यासारखा रंग, तलवारीसारखी शिंगं, डोळ्यांत काजळ. चार गावची माणसं त्याच्याभोवती फिरत होती. चुलत्यानं विचारलं, “सयाजी, कसा वाटतुय?” सयाजीच्या पायात नवी वहाण चावत होती आणि त्याला कधी एकदा घरी जातो असं झालं होतं. तो म्हणाला, “नगं.” बैल दुसऱ्यानं नेला आणि पुढच्याच आठवड्यात तो चालता चालता बसला, तो उठलाच नाही. गावात बोलणं झालं, पोराला नजर आहे.

पोराला नजर नव्हती, पायाला फोड होता. पण त्यातून पोराला जे कळलं ते मोठमोठ्या व्यापाऱ्यांना कळत नाही. न घेतलेला बैल कधी लंगडत नाही. न घेतलेला पंखा कधी जळत नाही. न केलेली सोयरीक कधी भांडत नाही. घेणाऱ्याच्या चुका गावभर फिरतात. “नगं” म्हणणाऱ्याची चूक कुठून निघणार? एवढ्या एका अकलेवर तात्यांनी उभा जन्म काढला. सोलापुरात येऊन सूतगिरणीच्या गोदामावर नोकरी केली, निवृत्त झाले, केस पिकले, तरी भावकीत आणि गल्लीत तात्यांना दाखवल्याशिवाय कुणी काही घ्यायचं नाही. पैशाला ते शिवायचे नाहीत. “मी काय दलाल हाय व्हय?” असं म्हणून फक्त मानाची टॉवेल-टोपी घ्यायचे. घरात टॉवेलांची अशी चवड लागली होती की त्यांच्या बायकोनं, बनाबाईनं, त्यांची पायपुसणी करून निम्म्या गल्लीत वाटली होती. ज्यांनी टॉवेल दिले त्यांच्याच दारात ते पायाखाली परत गेले, आणि कुणाला ओळखू आले नाहीत.

बनाबाई स्वतः म्हणायची, “मला बगायला आले, तवाबी ह्येंनी माझ्या बापाला त्येच इचारलं. बापाला आमी दोगी. थोरली चुलीपुढं भाकरी करत व्हती, तिनं फुकणी घिऊन भाईर येऊन इचारलं, कोण म्हणतंय दुसरी दावा? मग गप माझ्या पुढ्यात बसले.”

हे ऐकून सगळ्यात मोठ्यानं हसायची ती संस्कृती, तात्यांच्या धाकट्या भावाची, अमृतची पोरगी. पण तिचं हसणं दरवेळी अर्ध्यावर थांबायचं. बारावीनंतर तिला पुण्याला पत्रकारिता शिकायला जायचं होतं. तात्या म्हणाले, “कॉलेज दुसरं बगू की.” दुसरं बघता बघता प्रवेशाची मुदत टळली. तिला आलेली तीन स्थळंही तात्यांनी अशीच परत पाठवली. त्या एका गोष्टीबद्दल ती मनातल्या मनात त्यांचे उपकार मानायची. बाकी हिशेब मात्र तिनं मनात बाजूला ठेवला होता.

शिकत शिकत ती कॉलेजजवळच्या एका गेम पार्लरच्या काउंटरवर बसायला लागली. तिथं पोरं टीव्हीपुढं बसून क्रिकेटचा गेम खेळायची आणि ही मागून बोलायची. नुसतं बोलायची नाही. अशी बोलायची की खेळणारी पोरं थांबून मागं वळून बघायची. “आला, आला, गोलंदाज आला, कडब्याच्या गाडीसारखा डुलत डुलत आला, आणि टाकला चेंडू! फलंदाजानं बॅट फिरवलीय खरी, पण ती माशी हाकलायला का चेंडू मारायला, त्याचं त्यालाच ठावं!” पुढं पार्लर बंद पडलं. मालकानं खेळाचं मशीन तिला स्वस्तात देऊन टाकलं. ते तिनं घरच्या टीव्हीला जोडलं, आणि घरी एकटीच खेळायची, एकटीच बोलायची. वच्छला, तिची आई, शेजारणींना सांगायची, “पोरगी टीव्हीशी भांडती.”

अशात पुण्याच्या एका कंपनीकडून तिला निरोप आला. गेमच्या सामन्यांचं मराठीत वर्णन करणारी माणसं त्यांना हवी होती. अट एकच. एका सामन्याचा शेवटचा भाग खेळताना वर्णन करायचं, चित्र स्वच्छ पाहिजे आणि मध्ये कुठंही काटछाट नको. रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं.

संस्कृतीनं आधी मोबाइल टीव्हीसमोर धरून बघितला. त्या चित्रात मैदान कमी आणि टीव्हीच्या काचेत दिसणारी ट्यूबलाइट जास्त होती. सीमारेषेवर वच्छला भाकरी थापत होती. असलं काही पाठवलं असतं तर पुण्याची दारं जी मिटली असती ती मिटलीच. म्हणून तिला कॅप्चर कार्ड हवं होतं. कार्ड म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. खेळाच्या मशीनमधून निघालेलं चित्र ही डबी मधेच धरते, एक वाट टीव्हीकडे सोडते आणि एक लॅपटॉपकडे. टीव्हीवर खेळायचं, लॅपटॉपवर साठवायचं.

“आण की,” अमृत म्हणाला. “पर तात्याला घिऊन जा. तात्याच्या नजरंखालनं गेल्याबिगर आपल्या घरात दोरीचा तुकडाबी आला न्हाय.”

“आबा, तात्यांना त्यातलं काय कळतंय?”

“तुला बैलातलं काय कळतंय?” अमृत म्हणाला, आणि या उत्तरानं आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

संस्कृती शुक्रवारी एकटीच महेश्वरच्या दुकानात जाऊन आली. महेश्वर दुधनीचा. सोलापुरात त्याचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं तीन कार्डं काढून ठेवली. पहिलं बोटाएवढं. त्यात टीव्हीकडे जायची वाटच नव्हती. लॅपटॉपवर बघूनच खेळावं लागणार, आणि तिथं चित्र मागून येणार, म्हणजे चेंडू यष्टीत गेल्यावर बॅट फिरणार. खोक्यावर मात्र फोर-के असं ठसठशीत छापलेलं. महेश्वर म्हणाला, “ताई, ते फोर-के आत घेतं म्हणून लिहिलंय. साठवताना तेवढं साठवत नाही.” तिसरं भारीतलं होतं, पण तिच्या टीव्हीच्या कुवतीपेक्षा मोठं. मधलं तिला पटलं. टीव्हीकडे वाट होती, आणि सेकंदाला साठ चित्रं धरायचं, म्हणजे पळणारा चेंडू पुसट होणार नाही. “लॅपटॉपला निळ्या तोंडाचं, वेगवान यूएसबी आहे ना?” महेश्वरनं विचारलं. होतं. निवड तिथंच संपली.

मग ती म्हणाली, “उद्या मी तात्यांना घिऊन येते. ते शेवटी टॉवेलाखाली हात घेतील आणि तुमी उठून जावं असा भाव करतील. दरवेळी असाच सौदा मोडतेत. ते काय म्हणतील त्याला व्हय म्हणा. वरचे पैसे मी दिलेत असं समजा.” आणि तिनं पैसे तिथंच मोजून दिले.

महेश्वर हसला. “आमचे अप्पा दुधनीच्या बाजारात बैलं विकायचे, ताई. बोटांची भाषा मला पाटीवरच्या अक्षरांआधी आली.”

शनिवारी तात्या आले ते धुवट धोतर, खांद्यावर टॉवेल, कपाळाला बुक्का अशा थाटात. संस्कृतीच्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये खेळाचं मशीन. तात्यांनी आधीच बजावलं होतं, जनावर गाडीला जुंपून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

“बर्री, बर्री तात्या,” कानडीत ‘या, या’ म्हणत महेश्वरनं खुर्ची पुढं केली.

तात्यांनी पहिलं कार्ड तळहातावर घेतलं. वजन केलं. नखानं टोकरलं. नाकाजवळ नेऊन हुंगलं. दुकानातली चार गिऱ्हाइकं आपापलं काम सोडून बघायला लागली, तसा तात्यांना हुरूप आला.

“हलकं हाय. यातलं दुसरं दावा की.”

महेश्वरनं मधलं दिलं. तात्यांनी त्याची भोकं मोजल्यासारखी बघितली. “ह्येला इतकी भोकं का?”

“एकातून आत येतं, तात्या, एकातून टीव्हीला जातं, एकातून लॅपटॉपला.”

“म्हंजी आत आल्यालं टिकतच न्हाय की ह्येच्या पोटात.”

गिऱ्हाइकं हसली. महेश्वरनं ते कार्ड मशीनला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलं, पडदा चालू केला. पडदा काळा. तात्यांनी सुपारी हलवली. तिसरं जोडलं. काळा. पहिलं जोडलं. काळाच.

“तिन्ही आंधळी!” तात्या खुर्चीतून उठलेच. “बगितलं? पोरगी एकटी आली असती तर आंधळं जनावर गळ्यात बांधून घरी गेली असती!”

“तात्या, आंधळं न्हाय,” संस्कृती म्हणाली. “मशीनमदी एक कुलूप असतं. कुणी पिक्चर चोरून उतरवू न्हाई म्हणून चित्र झाकून ठेवतेत. खेळायला ते उघडता येतं.” तिनं मशीन पडद्याला सरळ जोडलं, सेटिंगमध्ये जाऊन ती एक खूण काढली, आणि मधलं कार्ड पुन्हा लावलं. पडद्यावर हिरवंगार मैदान उगवलं.

दुकानात कुणीतरी “वा” म्हणालं. तात्यांनी त्या माणसाकडे रागानं बघितलं.

“म्हंजी वशिला लावल्याबिगर दिसत न्हाय,” ते म्हणाले. “ह्ये वशिल्याचं जनावर हाय.”

पण लोकांचे डोळे आता मैदानावर होते. तात्यांच्या लक्षात आलं, नुसत्या “नगं”वर आज भागणार नाही. अशा वेळेला त्यांच्याजवळ एक जुनी विद्या होती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि महेश्वरच्या उजव्या हातावर टाकला. त्याखाली आपला हात घातला. गिऱ्हाइकं आणखी पुढं सरकली. जनावरांच्या बाजारात भाव असाच होतो. तोंडानं कुणी बोलत नाही, कापडाखाली बोटं बोलतात, आणि समोरच्यानं मुठीत बोटं आवळली की सौदा पक्का. मग बापानं जरी मागं ओढलं तरी हात मागं घ्यायचा नाही. त्यापेक्षा बाजारात तोंड न दाखवलेलं बरं.

तात्यांनी अशी बोटं दाबली की भाव ऐकून खिळ्यांच्या पुडीनंही रुसून बसावं. डोळे अर्धवट मिटले आणि महेश्वरचा हात झटक्यानं निसटायची वाट बघत उभे राहिले. निसटला की म्हणायचं, बघा, ह्येला विकायचंच नव्हतं.

हात निसटला नाही. त्यानं तात्यांची बोटं मुठीत घेतली आणि अशी आवळली की तात्यांच्या तोंडातली सुपारी कडकन फुटली.

“आयतु, तात्या!” महेश्वर म्हणाला. “झालं. सौदा पक्का.”

तात्यांचा चेहरा संस्कृतीनं त्या वेळी बघितला. विहिरीत वाकून बघताना खिशातलं काही पडावं आणि माणूस पाण्याकडे बघत राहावा, तसा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी एक वस्तू घेतली होती, चारचौघांत, आपल्या हातानं. आता ती बिघडू शकत होती.

तिला क्षणभर वाईट वाटलं. मग पुण्याचं हुकलेलं कॉलेज आठवलं आणि वाटायचं थांबलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की सयाजीतात्यांनी काहीतरी घेतलं. लोक दारात येऊन विचारायला लागले. “तात्या, खरं व्हय?” “तात्या, ग्यारंटी किती?” “तात्या, बिघडलं तर?” या शेवटच्या प्रश्नावर तात्यांनी दार लावून घेतलं. बनाबाई म्हणाली, “जेवा की आता. पोरीचं खेळणं हाय, बैल न्हाय.” तात्या ताटावरून उठले.

रविवारी अमृत आणि वच्छला मोहोळला बारशाला गेले होते. घर शांत होतं. संस्कृतीनं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माइक लॅपटॉपला जोडला, कार्डाचा लाल दिवा लागलेला बघितला आणि खेळायला बसली. दोन सामने चांगले झाले होते, पण एकात सिलिंडरवाल्यानं दार ठोकलं आणि एकात तीच खोकली. तिसरा रंगला. शब्द असे येत होते की तिलाच नवल वाटत होतं. दिवस कलायला लागला होता. हा गेला असता तर पाठवायला दुसरा उरला नसता.

शेवटचं षटक सुरू झालं आणि दार ढकलून तात्या आत आले. मागं बनाबाई, त्यांना आवरायला.

तात्या सरळ टीव्हीपाशी गेले, खाली वाकले आणि बैलाचा कान चाचपावा तसा त्यांनी कार्डावर पालथा हात ठेवला. हात चटकन उचलला.

“ताप हाय ह्येला!” ते ओरडले. “पोरी, अंग भाजतंय ह्येचं! खोड हाय. आत्ताच्या आत्ता परत करतो. बाजाराचा कायदाच हाय, खोड निगाली की वापस!” आणि त्यांनी वायर धरली.

चालताना कार्ड गरम होतंच, हे सांगायला संस्कृतीजवळ वेळ नव्हता. दोन्ही हात खेळात अडकलेले. उठली तर सामना गेला, थांबली तर वर्णन तुटलं, वायर निघाली तर सगळंच. तिनं डोळे पडद्यावरून काढले नाहीत. आवाजही बदलला नाही. तो फक्त थोडा खाली आला, मैदानात काही झालं की येतो तसा.

“आणि मंडळी, गोलंदाज आपल्या जागेकडे परत जात असताना मैदानात एक प्रेक्षक घुसलाय! वय साठीच्या पुढं, धोतर स्वच्छ, इरादा तेवढा स्वच्छ दिसत नाही. हे आहेत सयाजीतात्या. यांना सगळं सोलापूर ओळखतं. यांनी आजवर शेकडो वस्तूंची निवड केली आणि त्यातली एकही घेऊ दिली नाही!”

तात्यांचा हात वायरीवर तसाच राहिला.

“हे तेच तात्या, ज्यांनी एका पोरीसाठी दुसरं कॉलेज बघायला घेतलं, आणि ती पोरगी अजून बघतीये! काल यांनी पहिल्यांदा एक वस्तू घेतली. चांगली घेतली. आणि काल दुपारपासून ती मोडावी म्हणून तात्या देव पाण्यात घालून बसलेत. मंडळी, असा खेळाडू होणे नाही. गोलंदाज निघालाय...”

“कुणासंगं बोलायलीय ही?” तात्यांनी बनाबाईला विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

“त्या दिव्यासंगं,” बनाबाई म्हणाली. “समदं भरून घेतंय म्हणं त्ये. तुमीबी आलाव त्यात.”

तात्यांनी लाल दिव्याकडे बघितलं. त्यांचे बोल आजवर चहाबरोबर हवेत गेले होते. काल काय बोललो हे आज कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्यांनी मान वाकडी करून टाळलं असतं. इथं एक डबी प्रत्येक शब्द धरून ठेवत होती.

“ह्ये ऱ्हातं?” त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

“प्रेक्षक विचारतायत, हे राहतं का,” संस्कृती म्हणाली. “राहतं, तात्या. जसंच्या तसं राहतं. पुण्यापर्यंत जातं. चेंडू टाकलाय, उंच मारलाय, आणि थेट कडेला, चार धावा!”

हे रेकॉर्डिंग पुण्याला जसंच्या तसं गेलं, काटछाट न करता. पुढं तिकडून बोलावणं आलं आणि संस्कृती पुण्याला गेली, हे आता गल्लीला माहीत आहे. पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं. तात्या वायर हातात धरून ओणवे उभे होते, आणि त्यांनी ती ओढली असती तर यातलं काही झालं नसतं.

त्यांनी बोटं एकेक करून सोडली. वायर होती तशी ठेवली, जरा नीट करून ठेवली. तोंड उघडलं, लाल दिवा बघितला, मिटलं. मग आवाज होऊ नये म्हणून वहाणा हातात घेतल्या आणि दाराबाहेर पडले.

बनाबाई उंबऱ्यात आली. ती त्यांच्या मागं गेली नाही. चौकटीला टेकून बघत राहिली. तात्या उन्हात अनवाणी चालत होते, गल्लीतल्या कुणी काही विचारलं तरी मान न वळवता, पार कोपऱ्यापर्यंत. संस्कृतीनं बघितलं नाही. गोलंदाज शेवटचा चेंडू घेऊन धावायला लागला होता.